बदनामीच्या खटल्यात आरोपी म्हणून: नोटिशीपासून लोकअदालतीपर्यंत

डिसेंबर २०२५च्या लोकअदालतीत माझ्यावरचा अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला निकाली निघाला. सुरुवातीच्या दिवसांत मराठीत काही वाचायला मिळतं का म्हणून मी बराच शोध घेतला होता. कलमांची भाषांतरं सापडली, वकिलांच्या जाहिराती सापडल्या, पण आरोपी म्हणून कोर्टात उभं राहिलेल्या माणसाने स्वतः लिहिलेलं काही हाती लागलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. मी वकील नाही, शाळेत गणित शिकवते. तुमचं प्रकरण वेगळं असेल तर तुमच्या वकिलाचं म्हणणं माझ्यापेक्षा वरचढ धरा.

प्रकरण तसं नेहमीचंच. आमच्या गृहनिर्माण संस्थेत गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि बाहेरून रंगकाम झालं. सप्टेंबर २०२४च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत त्याचा हिशेब मांडला गेला तेव्हा मी दरपत्रकं मागितली. ती दाखवली गेली नाहीत. दोन दिवसांनी मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, की एवढ्या मोठ्या कामाला एकाच ठेकेदाराचं दरपत्रक कसं, आणि अहवालातला आकडा व बिलांची बेरीज यांत दिसणारा फरक गेला कुठे. त्याच आठवड्यात जवळजवळ हाच मजकूर मी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे लेखी अर्ज म्हणून दिला आणि त्याची पोच घेतली. मजकूर एक आणि ठिकाणं दोन, एवढं लक्षात असू द्या. पुढचं बरंचसं त्यावरच फिरलं.

ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या सचिवांच्या वकिलांची नोटीस रजिस्टर पोस्टाने आली. पंधरा दिवसांत बिनशर्त लेखी माफी, ती माफी ग्रुपवर टाकायची आणि दहा लाख रुपये भरपाई द्यायची, नाहीतर दिवाणी आणि फौजदारी अशी दुहेरी कारवाई. नोटिशीची एक प्रत ग्रुपच्या ॲडमिन काकांनाही गेली होती. ते निवृत्त गृहस्थ, त्यांचा रक्तदाब माझ्याआधी वाढला. नातेवाइकांनी फोनवर सुरतच्या निकालाची आठवण करून दिली. २०२३ मध्ये राहुल गांधींना बदनामीच्या खटल्यात दोन वर्षांची शिक्षा झाली, तेव्हापासून 'बदनामी म्हणजे दोन वर्षं तुरुंग' हे समीकरण घराघरांत पक्कं झालं आहे. त्या दोषसिद्धीला सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगिती दिली, हे मात्र कुणाला आठवत नव्हतं. मलाही नव्हतं. ते काही दिवस मी वर्गात फळ्याकडे तोंड करून जास्त वेळ उभी राहायचे.

वकील कोण गाठायचा हेच माहीत नव्हतं. एका सहकारी शिक्षिकेने सांगितलं, की जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आधी तिथे जा. राज्यघटनेच्या ३९-क कलमात मोफत कायदेशीर मदतीचं तत्त्व आहे आणि १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने ते प्रत्यक्षात आणलं. मला वाटत होतं ही सोय फक्त अगदी गरीब लोकांसाठी असते. तिथे गेल्यावर कळलं, की स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, अपंगांना, कोठडीत असलेल्यांना ती उत्पन्नाची अट न लावता मिळते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते.

तिथल्या वकीलबाईंनी नोटीस दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "ताई, घाबरायचं की नाही ते नंतर ठरवू. आधी आपण कोणत्या पायरीवर आहोत ते बघू." मग एका कागदावर त्यांनी खालून वर पायऱ्या लिहिल्या. वकिलाची नोटीस. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार. फिर्यादीचा शपथेवर जबाब. दखल घ्यायची की नाही यावर सुनावणी. समन्स काढण्याचा आदेश. हजेरी आणि जामीन. गुन्हा कबूल आहे का ही विचारणा. पुरावा, उलटतपास, आरोपीचा जबाब, युक्तिवाद, निकाल. त्यानंतर अपील. आणि सर्वांत खालच्या पायरीवर पेनाने टिंब देऊन म्हणाल्या, "तुम्ही इथे आहात." तो कागद मी वर्षभर पर्समध्ये बाळगला. कोणी "आता काय होणार गं तुझं?" म्हटलं की मी मनातल्या मनात तो उघडायचे.

वकिलाची नोटीस हा कोर्टाचा कागद नसतो. तिच्यावर कितीही जाड शिक्का असला तरी ते समोरच्याच्या वकिलाने लिहिलेलं पत्र असतं. खाजगी बदनामीच्या तक्रारीआधी ती पाठवलीच पाहिजे असंही नाही आणि उत्तर दिलं नाही म्हणून गुन्हा होत नाही. पण उत्तर द्यावं, आणि वकिलाकडून द्यावं, कारण पुढे ते रेकॉर्डवर येतं. आमच्या उत्तरात चारच गोष्टी होत्या: संदेश मी लिहिला हे मान्य, तो कशाच्या आधारावर लिहिला ती कागदपत्रं सोबत, तो सभासद म्हणून माझ्या हिताचा विषय आहे, आणि माफीचा प्रश्न येत नाही. या उत्तराचे मी चार हजार दिले. ते खाजगी वकिलांकडून लिहून घेतलं, कारण पुढे हेच प्रकरण चालवणारी व्यक्ती पहिल्यापासून एकच असावी असं मला वाटलं. प्राधिकरणाकडून मिळणारा वकील कमी प्रतीचा असतो असं मात्र समजू नका. मला पायऱ्या समजावल्या त्या तिथल्याच बाईंनी.

दहा लाखांच्या आकड्याबद्दलही थोडं सांगते. दिवाणी दावा लावायचा तर मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते, नोटिशीत आकडा लिहायला काहीच लागत नाही. शिवाय बदनामीच्या भरपाईचा दावा मुदत कायद्याप्रमाणे मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत लावावा लागतो. फौजदारी तक्रारीला मात्र तीन वर्षांची मुदत आहे. मी कॅलेंडरवर २०२५च्या सप्टेंबरमधल्या त्या तारखेभोवती गोल केला. तो दिवस आला आणि गेला, दावा काही आला नाही.

नोटिशीनंतरच्या सुट्टीत मी कायदा वाचून काढला. १ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे जुन्या ४९९ आणि ५०० या कलमांऐवजी आता एकच ३५६ कलम लागतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या कायद्यात समाजसेवेची शिक्षाही घातली आहे. गुन्हा अदखलपात्र आहे, जामीनपात्र आहे आणि तडजोडीने मिटवता येण्याजोगा आहे. शेवटच्या वाक्यातले तिन्ही शब्द वाचले त्या रात्री मला नीट झोप लागली. अदखलपात्र म्हणजे पोलिस परस्पर गुन्हा नोंदवून अटक करू शकत नाहीत. जामीनपात्र म्हणजे जामीन हा हक्क, मेहरबानी नव्हे.

माझा भाचा पुण्यात कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. त्याचं एकच पालुपद, "मावशी, तू सरळ कलम १९ सांग ना, अभिव्यक्तिस्वातंत्र्य!" मलाही ते पटलं होतं. वकिलांनी शांतपणे समजावलं. १९(१)(क) भाषणस्वातंत्र्य देतं, पण १९(२) मध्ये त्यावरच्या निर्बंधांची जी यादी आहे तिच्यात बदनामी राज्यघटना लागू झाल्यापासून आहे. 'सार्वजनिक सुव्यवस्था' वगैरे कारणं १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आली, बदनामी मात्र मूळची. दुसरी गोष्ट, मूलभूत हक्क प्रामुख्याने शासनाविरुद्ध असतात. सोसायटीच्या सचिवांनी माझं १९वं कलम मोडलं असं म्हणता येत नाही. फार तर, हा कायदाच घटनाबाह्य आहे असं उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात म्हणता येतं, आणि ते म्हणूनही झालं आहे. सुब्रमण्यम स्वामी, राहुल गांधी, अरविंद केजरीवाल असे एरवी एका ओळीत न बसणारे लोक याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात गेले होते. १३ मे २०१६ रोजी न्यायालयाने फौजदारी बदनामीची कलमं वैध ठरवली. प्रतिष्ठा हा २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्या निकालात म्हटलं आहे.

भाच्याने मग श्रेया सिंघल प्रकरण काढलं. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली होती, त्यातून हे प्रकरण उभं राहिलं आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ कलम रद्द केलं. पण ते कलम वेगळं. 'त्रासदायक', 'घोर अपमानकारक' अशा मोघम शब्दांवर ते उभं होतं. बदनामीचं कलम तसं नाही, त्याला दहा अपवाद आहेत. माझा बचाव होता तो त्या अपवादांत. आमच्या तालुक्याच्या कोर्टात १९वं कलम कुणी एकदाही उच्चारलं नाही. 'आठवा अपवाद', 'नववा अपवाद' हे मात्र इतक्या वेळा ऐकलं, की आता शाळेत आठवी-नववी म्हटलं तरी मी दचकते.

आठवा अपवाद म्हणजे अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार. उपनिबंधकांकडचा माझा अर्ज त्यात बसत होता. नववा म्हणजे स्वतःच्या किंवा इतरांच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान. ग्रुपवरच्या संदेशासाठी हा. पहिला अपवाद सत्याचा आहे, पण फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, ते सांगणं लोकहिताचंही असावं लागतं. दिवाणी दाव्यात मात्र खरं असणं हाच पुरेसा बचाव. आणि अपवादात बसतो हे दाखवण्याचं ओझं आरोपीवर असतं. 'मी चांगल्या मनाने बोलले' असं सांगून ते उतरत नाही, बोलण्याआधी काय तपासलं ते दाखवावं लागतं. सभेत दरपत्रकं मागितल्याचं इतिवृत्तात आलं होतं, बिलांच्या प्रती माझ्याकडे होत्या, बेरीज केलेला कागद तारखेसह होता. एवढ्यावर मी तरले असं मला आजही वाटतं.

नोव्हेंबरमध्ये पोलिस ठाण्यातून फोन आला. सचिवांनी तिथे एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची तक्रार, नोंदवली होती. वकिलांनी सांगितल्यावरून मी एवढंच म्हटलं, की न्यायदंडाधिकाऱ्यांचा तपासाचा आदेश असेल तर कळवा, मी सहकार्य करीन. पुन्हा फोन आला नाही. बदनामीचा खटला चालतो तो ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः कोर्टात केलेल्या तक्रारीवर, पोलिसांच्या एफआयआरवर नाही.

मग शांतता. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. मला वाटायला लागलं की विषय संपला. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका हवालदारांचा फोन आला, "मॅडम, कोर्टाचा कागद आहे, सही करून घ्या." ते स्वतः घरी आले, जिन्यात दोन शेजारी भेटले, संध्याकाळपर्यंत इमारतभर झालं. फौजदारी कोर्टाचे समन्स आणि नोटिसा पोलिसांमार्फत बजावल्या जातात. तेवढ्यापुरते पोलिस हे पोस्टमन असतात. पण वर्दी दारात दिसली की लोकांच्या मनात खटल्याचा निकाल तिथेच लागतो.

हा कागद समन्स नव्हता, आणि इथे नवा कायदा माझ्या उपयोगी पडला. जुन्या पद्धतीत तक्रार आली की फिर्यादीचा जबाब घेऊन न्यायदंडाधिकारी समन्स काढायचे आणि आरोपीला खटला उभा राहिल्यावरच कळायचं. फौजदारी खटला कसा चालवायचा ते ठरवणाऱ्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, २२३व्या कलमात आता असं घातलं आहे, की आरोपीला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय अशा तक्रारीची दखल घेता येणार नाही. माझ्या हातात होती ती या सुनावणीची नोटीस. वकिलांनी विचारलं, "ताई, तो पायऱ्यांचा कागद आहे ना? टिंब तीन पायऱ्या वर सरकवा. बाकीचं अजून रिकामं आहे."

नोटिशीसोबत तक्रारीची प्रत आणि कागदपत्रं आहेत का, ते आधी बघा. माझ्या कागदांत दोन पानं कमी होती. ती मागायला अर्ज करावा लागला आणि त्यात एक तारीख गेली. केस नंबर मिळाला की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक शोधून जपून ठेवा. पुढची तारीख, आदेश, टप्पा, सगळं त्यावर दिसतं. तरी ॲपवर संपूर्ण विसंबू नका. कोर्टात रोजनामा लिहिला जातो तोच खरा, ॲप कधीकधी दोन दिवस मागे असतं.

सुनावणी मार्चमध्ये सुरू झाली आणि साहेब रजेवर, समोरचे वकील दुसऱ्या कोर्टात, वकिलांचा कामबंद असं करत जूनपर्यंत चालली. प्रत्यक्ष बोलणं झालं ते सगळं मिळून एका तासापेक्षा कमी. कोर्टात जाणाऱ्या नव्या माणसासाठी हीच खरी परीक्षा असते. अकराला हजर राहायचं, बोर्डावर आपला नंबर बघायचा, पुकाऱ्याकडे कान ठेवून दारापाशी बसायचं. पुकारा झाला आणि तुम्ही चहाला गेलेले असाल तर पंचाईत. फोन बंद ठेवा, नुसता सायलेंट नको. पाण्याची बाटली, डबा आणि वाचायला काहीतरी न्या. मी वह्या तपासायला नेत असे. एका आजोबांनी विचारलं, "तुम्ही वकील का?" मी म्हटलं, "नाही, आरोपी." ते हसले आणि सरकून जागा दिली. ते त्याच कोर्टात अठरा वर्षांपासून वाटणीच्या दाव्यासाठी येत होते. त्यांच्यापुढे माझी तक्रार काय टिकणार?

जूनच्या शेवटी आदेश झाला. उपनिबंधकांकडच्या अर्जाबाबत प्रथमदर्शनी आठवा अपवाद दिसतो, म्हणून तेवढ्या भागापुरती पुढे जाण्याची गरज नाही. ग्रुपवरच्या संदेशाबाबत मात्र नववा अपवाद लागतो की नाही हे पुराव्यानंतरच ठरेल, म्हणून समन्स काढावं. एकच वाक्य, एकाच आठवड्यात लिहिलेलं. एका ठिकाणी ते पहिल्याच सुनावणीत सुटलं आणि दुसऱ्या ठिकाणी खटल्यापर्यंत पोचलं. ग्रुपवर हिशेब विचारू नये असं मी म्हणणार नाही, सभासदांशी बोलायची दुसरी जागा आता उरली आहे कुठे? पण आधी अर्ज आणि मग ग्रुपवर 'अर्ज दिला आहे, ही त्याची पोच' असा क्रम ठेवला की पाय घट्ट राहतात.

ॲडमिन काका मात्र या टप्प्यावर सुटले. सदस्याने टाकलेल्या मजकुराला केवळ ॲडमिन म्हणून कुणी जबाबदार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. काकांविरुद्ध समन्स निघालंच नाही. त्यांनी त्याच संध्याकाळी ग्रुपचं ॲडमिनपद सोडलं आणि पेढे वाटले.

आदेशाविरुद्ध सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज किंवा उच्च न्यायालयात खटला रद्द करण्याचा अर्ज, हे दोन रस्ते होते. दोन्हींचा खर्च आणि वेळ ऐकून आम्ही खालीच लढायचं ठरवलं. हा निर्णय प्रत्येकाचा वेगळा असू शकतो. ज्याच्यावर दूरच्या जिल्ह्यात तक्रार झाली आहे त्याला कदाचित वरचाच रस्ता परवडेल.

जुलैमध्ये पहिली हजेरी. आदल्या रात्री मी बॅग भरावी तशी फाइल भरली: आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, फोटो, सगळ्यांच्या दोन-दोन प्रती. वकीलपत्र आधीच दिलं होतं. जामिनाचा अर्ज तिथेच लिहिला, पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा जामीन असा आदेश झाला. जामीनदार आणायचा तर त्याची कागदपत्रं, त्याची रजा, त्याचे उपकार. आम्ही रोख रक्कम भरायची परवानगी मागितली, मिळाली. पैसे भरल्याची मूळ पावती प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला. का, ते शेवटी सांगते. हे सगळं होईपर्यंत दुपारचे चार वाजले. 'जामीन' हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावापुढे वाचताना हात थरथरला, हे लपवत नाही. कारकुनाला मात्र माझ्या सहीत काही विशेष वाटलं नाही. त्यांच्यापुढे त्या दिवशी अशा पंधरा-वीस सह्या झाल्या असतील.

पुढच्या तारखेला न्यायदंडाधिकाऱ्यांनी आरोप मराठीत वाचून समजावला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" "नाही." एवढंच बोलायचं असतं. मी घरी भाषण तयार केलं होतं, ते तसंच राहिलं.

दर तारखेला आरोपीने हजर राहायचं असतं. जमणार नसेल तर गैरहजेरी माफीचा अर्ज कारणासह वकिलामार्फत द्यावा लागतो. नुसतं न जाणं अंगाशी येतं, वॉरंट निघू शकतं. माझ्या दहावीच्या सराव परीक्षा होत्या तेव्हा एकदा अर्ज मंजूर झाला. शाळेत मुख्याध्यापिकांना मी स्वतःच सगळं सांगून टाकलं होतं, बाहेरून कळण्यापेक्षा ते बरं. त्यांनी "अर्ध्या रजा टाका, पूर्ण संपवू नका" एवढाच सल्ला दिला. आणखी एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही: फौजदारी खटला चालू असताना पासपोर्टचं नूतनीकरण करायचं तर कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. परदेशी जायचं असेल तर हा वेळ आधीच धरून चला.

ऑक्टोबरमध्ये फिर्यादींचा जबाब आणि उलटतपास झाला. संदेशाची त्यांनी नुसती छापील पानं जोडली होती. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत ठरावीक नमुन्यात प्रमाणपत्र लागतं, ते नव्हतं. मला वाटलं, झालं, इथेच जिंकलो. वकील म्हणाले, "आपण संदेश आपलाच आहे म्हणून मान्य केलाय. मग त्यावर कोर्टाचा वेळ कशाला घालवायचा? आपल्याला उलट तो पूर्ण वाचून हवा आहे." मी मूळ संदेश कधीच पुसला नव्हता आणि सगळं चॅट एक्सपोर्ट करून ठेवलं होतं. त्यामुळे संदेशाच्या आधीचे इतरांचे प्रश्न आणि नंतरचं माझं 'आकडा चुकला असेल तर दाखवा, मी दुरुस्त करते' हे वाक्यही समोर आलं.

उलटतपासात नाट्य नव्हतं. सिनेमात दाखवतात तसा कुणी टेबलावर हात आपटला नाही. संथ प्रश्न, टंकलेखक टाइप करेपर्यंत थांबणं, पुढचा प्रश्न. दरपत्रकं किती मागवली होती? तीन. ती आज कुठे आहेत? सापडत नाहीत. सभेनंतर आरोपीच्या प्रश्नाला लेखी उत्तर दिलं का? नाही. तुमची प्रतिष्ठा कमी झाली असं कोण म्हणालं? दोन सभासदांची नावं आली. त्यातल्या एकाने नंतरच्या समितीच्या निवडणुकीत तुमचं नाव सुचवलं, हे खरं आहे का? बराच वेळ गप्प. मग, "हो." मला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता. ते गृहस्थ साठीचे, घामाघूम झाले होते आणि रुमाल विसरले होते. मला फक्त घरी जावंसं वाटलं.

दरम्यान उपनिबंधकांकडून सोसायटीला पत्र आलं होतं: दरपत्रकं आणि बिलं सभासदांना पाहायला द्यावीत, लेखापरीक्षणातल्या आक्षेपांवर दोष दुरुस्ती अहवाल सादर करावा. म्हणजे वर्षभराने मला ते मिळालं जे सभेत दहा मिनिटांत मिळालं असतं. आकड्यांतला काही फरक जीएसटीचा निघाला, काहीचा खुलासा अजून व्हायचा आहे.

उलटतपासानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांनी दोन्ही बाजूंना विचारलं, मिटण्यासारखं आहे का? प्रकरण डिसेंबरच्या राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवलं गेलं. माझ्या मनाचे दोन भाग झाले. निकाल लागला तर 'निर्दोष' हा शब्द मिळेल, पण त्याला आणखी वर्ष-दोन वर्षं, शिवाय अपील. मिटवलं तर आज सुटका, पण कोण खरं हे कागदावर कधीच येणार नाही. मी मिटवलं. पूर्ण समाधान झालं असं म्हणणार नाही.

लोकअदालतीचं पॅनल एका मोठ्या खोलीत तीन खुर्च्यांवर बसलं होतं. भांडण उरलं ते एका शब्दावरून. फिर्यादींना 'माफी' हवी होती, मग ते 'दिलगिरी'वर आले, मी दोन्हींना नकार दिला. शेवटी ठरलेला मजकूर असा: संदेशाचा हेतू हिशेबाची माहिती मागण्याचा होता, फिर्यादींच्या वैयक्तिक प्रामाणिकपणावर आरोप करण्याचा नव्हता, कामाची कागदपत्रं सोसायटीच्या कार्यालयात सभासदांसाठी उपलब्ध आहेत, फिर्यादी तक्रार पुढे चालवू इच्छित नाहीत. सही करण्याआधी मसुदा मराठीत मागा आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा. अशा गुन्ह्यात तडजोड झाली की कायद्याने तिचा परिणाम आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच होतो, हे माहीत असलं की सही करताना हात आखडत नाही. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून घाई नको. मी अर्धा तास घेतला. मागे रांग होती, कुणी रागावलं नाही.

खर्चाचं विचारलं जातं म्हणून सांगते. खटल्याची फी चाळीस हजार, तीन हप्त्यांत. नोटिशीचं उत्तर वेगळं. प्रवास, झेरॉक्स, नकला, कोर्ट फीचे स्टॅम्प धरून एकूण साठ हजारांच्या आत. गेलेल्या रजा वेगळ्या. समोरच्यांचाही खर्च साधारण एवढाच झाला असावा.

निवाड्याची प्रमाणित नक्कल लगेच अर्ज करून घ्या, दोन प्रती घ्या. ई-कोर्ट्सवर प्रकरण 'निकाली' दिसतं का, ते आठवड्याने बघा. माझं दिसत नव्हतं, अर्ज दिल्यावर दुरुस्त झालं. आणि ती पावती. रोख भरलेला जामीन आपोआप परत येत नाही. परताव्याचा अर्ज, मूळ पावती, निवाड्याची नक्कल आणि बँकेच्या पासबुकाची प्रत असं सगळं एकत्र द्यावं लागतं. मी जानेवारीत दिलं. खिडकीवरचे कारकून म्हणाले, "मार्चअखेर बघा, नाही आले तर या."